कळा, पाठीतली सुई आणि सासूबाईंची तीन बाळंतपणं

मावशी, नमस्कार. मी २९ वर्षांची, भांडुपला राहते, नोकरी विक्रोळीत. पहिलंच बाळंतपण. आता ३५ वा आठवडा लागलाय, तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये नाव घातलंय. घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, "आम्हाला तीन-तीन झाली, आम्ही काय घेतलं होतं? पाठीत सुई घेतलीस तर जन्मभर कंबर धरून बसशील." नणंदेने दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एपिड्युरल घेतलं, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायची तीच पाठीतली सुई. ती म्हणते, "वेडी आहेस का? मी कळा चालू असताना मोबाइल बघत होते." ऑफिसमधल्या मैत्रिणीमुळे एक ऑनलाइन क्लास लावलाय. तिथल्या बाई सांगतात, शरीरावर विश्वास ठेवा, औषध घेतलं की बाळ सुस्त जन्मतं. डॉक्टरांना विचारलं तर "तेव्हाचं तेव्हा बघू." नवरा म्हणतो, तुला वाटेल ते कर. मला कळांची भीती वाटते आणि सुईचीही, रक्त काढताना मी तोंड फिरवते. न घेता झेपलं नाही तर? आणि घेतलं आणि काही झालं तर सगळे म्हणतील, सांगत होतो. रात्री दोनला जाग येते आणि डोक्यात हेच चालू होतं.
दोन्हीकडून अडकलेली, भांडुप

अगं मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सुईची भीती, कळांची भीती हे सगळं ठीकच आहे, पण माझं बोट अडकलं ते "सगळे म्हणतील, सांगत होतो" ह्या ओळीवर. रात्री दोनला तुला उठवते ती कळांची भीती कमी आणि ह्या वाक्याची जास्त, असं मला वाटतं. त्यामुळे आधी त्याचा निकाल लावू, मग सुईकडे येऊ.

"आम्हाला नाही का झाली?" हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे, कारण मी ते स्वतः वापरलंय. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये माझी तीस वर्षं गेली. अशीच एक पावसाळ्यातली रात्रपाळी. आठ कॉट, आम्ही दोघी सिस्टर, आणि कोपऱ्यातल्या कॉटवर विशीतली एक मुलगी. डोहाळजेवणातला हिरवा चुडा काढायला ती तयार नव्हती. काच फुटून लागू नये म्हणून आम्ही अशा वेळी बांगड्यांवर गॉज गुंडाळून गाठ मारायचो, तशी मारली. कळ आली की ती कॉटचा दांडा दोन्ही हातांनी धरायची आणि गॉजच्या आत बांगड्या दबक्या आवाजात वाजायच्या. दोनदा म्हणाली, "सिस्टर, कायतरी द्या ना." मी म्हणाले, "आम्हाला नाही का झाली? गप पड." ती गप पडली. मूल होईपर्यंत हूं की चूं नाही. शहाणी पेशंट, म्हटलं मी मनात. सकाळी गॉज सोडायला गेले तर तिने हात मागे घेतला आणि दातांनी गाठ सोडली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता तुझ्या सासूबाईंविषयी. त्या दुष्ट आहेत म्हणून असं बोलत नाहीत, मीही दुष्ट नव्हते. आपण जे सोसलं ते उगाचच सोसलं, टाळता आलं असतं, हे मान्य करणं फार जड जातं. त्यापेक्षा सोसण्याला शौर्य म्हणणं सोपं. आणि एक गोष्ट आमच्या पिढीने सांगायची राहून जाते. "आमच्या वेळी सगळं व्यवस्थित व्हायचं" असं सांगायला ज्या शिल्लक आहेत, त्या वाचलेल्या बायका आहेत. त्यांच्याच गावातल्या, त्यांच्याच चाळीतल्या ज्या बाळंतपणात गेल्या, त्या सांगायला येत नाहीत. तेव्हा "काही घेतलं नाही" ह्याचा खरा अर्थ "घ्यायला काही नव्हतं" असा होता. त्यात निवड कुठे होती?

वाटल्यास सासूबाईंना राणी व्हिक्टोरियाची गोष्ट सांग. तिची नऊ बाळंतपणं झाली. पहिली सात अशीच. आठव्याच्या वेळी, १८५३ मध्ये, तिने क्लोरोफॉर्म हुंगला, आणि चार वर्षांनी नवव्याच्या वेळी पुन्हा मागून घेतला. सात वेळा सोसून दाखवलेल्या बाईला "हिला झेपलं नाही" असं कोण म्हणणार? आता क्लोरोफॉर्म कोणी देत नाही, ते औषध धोक्याचंच होतं. पण मागणी किती जुनी आहे ते बघ.

दुसरा घोळ शब्दांचा आहे. मुंबईत "नॉर्मल" म्हणजे सिझर नाही ते. एपिड्युरल घेऊन खालून बाळ झालं तर तेही नॉर्मलच, फाइलवर तसंच लिहितात. तुझ्या क्लासवाल्या बाई "नॅचरल" म्हणतात ती वेगळी गोष्ट: औषधाशिवाय, स्वतःच्या कळांनी. छान आहे, ज्यांना जमतं त्यांना जमतं. पण खूप ठिकाणी काय होतं, तर तारीख उलटली, किंवा पाणी जाऊन कळा येईनात, म्हणून कळा आणायचं सलाईन लावतात. त्या कळा बऱ्याचदा जास्त जोरकस आणि लागोपाठ येतात, मध्ये दम घ्यायला वेळ कमी मिळतो. तर कळा बाटलीतून वाढवायच्या आणि दुखणं मात्र निसर्गाच्या नावाने सोसायला लावायचं, हे मला कधीच पटलं नाही. सलाईन लावायची वेळ आली तर एपिड्युरलचा विचार तू पुन्हा नव्याने कर, आधी काहीही ठरवलं असलं तरी.

आता दुखतं कसं ते सांगते, कारण क्लासमध्ये "लाटा" म्हणतात आणि सिनेमात नुसत्या किंकाळ्या असतात. पहिलटकरणीला सुरुवातीचा भाग लांब असतो, कधी अख्खा दिवस जातो. पोट कडक होतं, कंबरेतून ओढल्यासारखं होतं, सुटतं. ह्यात चालता येतं, जेवता येतं, चिडचिड करता येते. पिशवीचं तोंड साधारण पाच सेंटिमीटर उघडलं की खरा जोर सुरू होतो. दहा मिनिटांत तीन-चार कळा, प्रत्येक पाऊण ते एक मिनिटाची. पहिल्या खेपेला इथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा नियम आम्हाला शिकवला होता, तो आता मागे पडलाय, त्यामुळे कोणी घड्याळ दाखवून घाबरवलं तर घाबरू नकोस. शेवटी दुखणं कंबरेतून खाली उतरतं, शौचाला लागल्यासारखा दाब येतो, आणि जोर करावासा वाटतो. बाळाची पाठ तुझ्या पाठीकडे असेल तर कळा बऱ्याचदा कंबरेतच येतात, आणि त्या फार छळतात.

आणि हे बाईगणिक बदलतं. सहा सेंटिमीटरला डब्यातला उपमा खाणारी मी पाहिलीय आणि तीनला भिंतीवर डोकं आपटणारीही. त्यात धीराचा किंवा संस्कारांचा काही संबंध नसतो. बाळाचं डोकं कसं आहे, कळा कशा येताहेत, झोप किती झालीय, शेजारी कोण आहे, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून तुला किती दुखेल हे मी सांगू शकत नाही आणि तुझी नणंदही सांगू शकत नाही.

सुईकडे येऊ. तुला सुईची भीती आहे म्हणून सावकाश सांगते, कारण माहीत असलं की सुई जरा लहान होते.

तुला कॉटच्या कडेला बसवतात, पाय खाली, मांडीवर उशी. भूलतज्ज्ञ म्हणतात, "मांजरासारखी पाठ काढा." समोर सिस्टर उभी राहते, तिच्या खांद्यावर डोकं टेकायचं. पाठ गार औषधाने पुसतात, आणि खरं सांगायचं तर अंग शहारतं ते ह्याच वेळी. मग कातडी बधिर करायचं छोटं इंजेक्शन, मुंगी चावल्यासारखं. त्यानंतरची मोठी सुई टोचलेली कळत नाही, दाबल्यासारखं वाटतं. ती तुला दिसत नाही, सगळं पाठीमागे चाललेलं असतं. रक्त काढताना तुला तोंड फिरवावं लागतं, इथे ते आपोआप फिरलेलं असतं. सुईतून दोऱ्यासारखी एक मऊ नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. सुई पाठीत राहत नाही, हे सासूबाईंना मुद्दाम सांग. नळी पट्टीने पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटवतात. हे सगळं दहा-वीस मिनिटांचं काम, आणि औषध चढायला आणखी पंधरा-वीस मिनिटं. त्यात अवघड एकच: मध्येच कळ आली तरी हलायचं नाही. कळ आली की तोंडाने सांगायचं, ते थांबतात.

मग दुखणं उतरतं. दाब राहतो, राहिलेला बराही, जोर कधी करायचा ते कळतं. पाय जड होतात. बीपी उतरू शकतं म्हणून सारखं मोजतात, बाळाच्या ठोक्यांचा पट्टा पोटावर बांधून ठेवतात, लघवीची जाणीव कमी होते म्हणून कधी नळी घालावी लागते. त्यानंतर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली उतरून चालू देत नाहीत. चालत-फिरत बाळंत व्हायचं तुझ्या मनात असेल तर ही किंमत खरी आहे, आणि ती कोणी आधी सांगत नाही.

बाकीच्या किमती सांगते, लपवत नाही. जोर करायचा टप्पा लांबतो. पूर्वी औषध जास्त कडक असायचं, तेव्हा बाळाला बाहेर ओढायला चिमटा किंवा वाटी लावायची वेळ जास्त यायची. आताच्या पातळ औषधात तो फरक फारसा दिसत नाही. थोडी खाज, थोडी हुडहुडी, कधी ताप. दहा-एक जणींत एखादीला एका बाजूलाच लागू पडतं, मग नळी थोडी मागे घेतात किंवा पुन्हा घालतात. शंभरात एखादीला नंतर डोकं भयंकर दुखतं, उठून बसलं की वाढतं आणि आडवं पडलं की कमी होतं. त्याला उपाय आहे, पण ते दोन-चार दिवस बाळाला घेऊन बसायचे हाल होतात. नसेला कायमची इजा ही अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे.

कंबर? नाही. ह्यावर भरपूर अभ्यास झालाय आणि एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत पुढे कंबरदुखीचा फरक सापडलेला नाही. मणक्यातली मुख्य मज्जारज्जू जिथे संपते त्याच्या खाली ही सुई घालतात. टोचलेली जागा दोन-चार दिवस हुळहुळते, तेवढंच. कंबर दुखते ती नऊ महिने पोट वाहून, वाकून पाजून आणि पोटाचे स्नायू सैल झाल्यामुळे. माझ्या वयाच्या, पाठीला कधी सुई न लागलेल्या किती बायका रात्री बाम चोळून घेतात ते सोसायटीत विचारून बघ. सासूबाईंची स्वतःची कंबर कशी आहे गं?

एपिड्युरलने सिझर वाढतं, हेही खोटं ठरलंय. उलट ऐनवेळी सिझर करायची वेळ आलीच तर त्याच नळीतून औषध वाढवून भूल देता येते. आणि बाळ सुस्त जन्मतं हे तुझ्या क्लासवाल्या बाईंनी दुसऱ्याच औषधाचं ऐकलेलं दिसतं. दंडात किंवा सलाईनमधून जी गुंगीची इंजेक्शनं देतात, पेथिडिनसारखी, ती बाळ व्हायच्या थोडं आधी दिली तर बाळ मरगळू शकतं, श्वास मंद होऊ शकतो. एपिड्युरलचं औषध पाठीत, थोड्या प्रमाणात असतं. जन्मल्यावर बाळाला गुण देतात ना, रडलं का, रंग कसा, हातपाय हलवतंय का, त्यात फरक आढळलेला नाही. (ते गुण देण्याची पद्धत काढली ती व्हर्जिनिया ॲपगार नावाच्या एका भूलतज्ज्ञ बाईंनीच, १९५० च्या दशकात.)

ह्या दोन टोकांच्या मध्येही बरंच काही आहे, त्याविषयी तुझ्या घरात कोणीच बोललेलं दिसत नाही. काही हॉस्पिटलांत गॅस असतो, निम्मा ऑक्सिजन आणि निम्मा नायट्रस ऑक्साइड. मास्क आपण स्वतःच्या हातात धरायचा आणि कळ सुरू होताच ओढायचा. कळ शिगेला गेल्यावर ओढला तर उपयोग नाही. दुखणं जात नाही, पण लांबून येतंय असं वाटतं. चक्कर, मळमळ होते, मास्क काढला की उतरते. दुसरं म्हणजे ट्रामाडॉलसारखं इंजेक्शन: थोडा आराम, थोडी गुंगी, आणि पुष्कळ जणींना ओकारी. तिसरी एक गंमत सांगते. लेबर रूममध्ये "तोंड मऊ करायचं इंजेक्शन" देतात, आणि पेशंटला वाटतं आपल्याला दुखण्यावर काहीतरी दिलं. ते वेदनाशामक नसतं. कोणी काही टोचायला आलं की विचार, हे दुखणं कमी करायचं आहे की तोंड उघडायचं?

आणि मग हात. ह्याबद्दल मी कितीही लिहू शकते. सगळ्यात जास्त फरक पडतो तो शेजारी सतत एक ओळखीचं, न घाबरणारं माणूस असल्याने. अशा बायकांना औषध कमी लागतं आणि सिझरही कमी होतं, हे अभ्यासातून दिसलंय. लेबर रूम सुधारण्यासाठी सरकारने काढलेल्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीणीला लेबर रूममध्ये जागा दिली आहे. तुझ्या नर्सिंग होममध्ये आत कोणाला सोडतात ते आजच विचार. कळ आली की तुझ्या कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताच्या टाचेने घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. कळ सुटली की सोडायचं. गरम पाण्याची पिशवी, गरम पाण्याची अंघोळ, खुर्चीवर उलटं बसून पाठीवर मान टाकणं, चालणं. किंचाळण्यापेक्षा खालच्या पट्टीत "हूं" करत श्वास सोडणं, हे तुझ्या क्लासमध्ये शिकवत असतील तर नीट शिकून घे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत मालिश, शेक आणि श्वासाचे प्रकार आहेत, आणि मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्युरल हेही त्याच ठिकाणी आहे. क्लासवाल्या बाई आणि नणंद एकाच कागदावर बसल्यात म्हणायचं.

तीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या हाताला कंबर कुठे दाबायची ते बरोबर कळतं. सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी त्यांना सांग, तुम्ही आत या आणि माझी कंबर धरा. काम मिळालं की पुष्कळ सासवांची मतं मवाळ होतात, हा माझा अनुभव आहे. मात्र त्यांच्या तोंडून "आम्हाला नाही का झाली" निघणार असेल तर बाहेरच्या बाकावरच बऱ्या.

आता खरी अडचण. तू घ्यायचं की नाही ह्यावर सगळं घर भांडतंय, पण घरातल्या कोणी नर्सिंग होमला फोन करून विचारलेलं दिसत नाही की तुमच्याकडे मिळतं का. आपल्या उपनगरांतली छोटी नर्सिंग होम म्हणजे बिल्डिंगचा पहिला मजला, दहा-बारा खाटा. तिथे भूलतज्ज्ञ मुक्कामाला नसतात. ते दिवसभर मुलुंड, घाटकोपर, ठाणे असे चार ठिकाणी सिझरं आणि हर्नियाची ऑपरेशनं करत फिरत असतात. फोन केला की निघतात. शिवाय एपिड्युरल म्हणजे नळी घालून निघून जायचं असं नाही, बाळ होईपर्यंत कोणीतरी डोस आणि बीपी बघावं लागतं. आणि तुझी तारीख जुलैची. एलबीएस रोडवर पाणी भरलेलं, लोकल कांजूरला उभी, आणि डॉक्टर कुर्ल्याला अडकलेले. "तेव्हाचं तेव्हा बघू" ह्याचा अर्थ पुष्कळदा "तेव्हा नसेल" असा होतो. मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ रात्रंदिवस हजर असतात, पण तिथे त्यांना आधी तातडीच्या सिझरकडे धावावं लागतं, तुझ्या कळांचा नंबर नंतर.

म्हणून ह्या आठवड्यात जाऊन सरळ विचार: एपिड्युरल रात्री आणि रविवारी मिळतं का, भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, नळी घातल्यावर थांबतात का, गेल्या महिन्यात इथे किती जणींनी घेतलं. शेवटच्या प्रश्नावर काउंटरवरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या तर उत्तर मिळालं समज. खर्चही विचार, भूलतज्ज्ञांची फी बहुधा पॅकेजच्या बाहेर असते, आणि ऑफिसच्या विम्यात बाळंतपणाला ठरावीक मर्यादा असते. उत्तरं ढिली वाटली तर जिथे भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असतात अशा ठिकाणी नाव हलव. ३५ व्या आठवड्यात हलवता येतं, फक्त सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफीची फाइल बरोबर ने.

भूलतज्ज्ञांना एकदा आधीच भेट. पाठीचं ऑपरेशन झालंय का, रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत का, असतील तर शेवटचं कधी घेतलं, कंबरेवर कुठे गळू-पुरळ आहे का, हे ते विचारतील. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट बघतील. साधारण सत्तर-ऐंशी हजारांच्या खाली असतील तर बहुतेक जण पाठीत सुई घालत नाहीत. पावसाळ्यात हा मुद्दा मोठा होतो, डेंग्यू-मलेरियाने प्लेटलेट पडतात. तेव्हा मच्छरदाणी लाव, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कर. हे एपिड्युरलसाठी म्हणून नव्हे, तसंही कर.

तू सरळ विचारलं नाहीस, पण मी तुझ्या जागी काय केलं असतं ते सांगते. पर्याय पक्का करून ठेवला असता, संमतीचा कागद डोकं शांत असताना वाचला असता, आणि सुरुवात न घेता केली असती. पाच सेंटिमीटरपर्यंत घरी-दारी फिरून, कंबर दाबून घेऊन बघितलं असतं. झेपतंय तर झेपतंय. नाही तर मागितलं असतं, कोणाला कारण न देता. "चार सेंटिमीटरच्या आधी देत नाहीत" किंवा "आता उशीर झाला" असं पटकन सांगून टाकतात, त्यावर लगेच गप बसू नकोस. तू स्थिर बसू शकत असशील आणि बाळ अगदी दारात आलेलं नसेल, तर देता येतं. मात्र भूलतज्ज्ञांना फोन केल्यापासून औषध लागू पडेपर्यंत तास-दीड तास धर, म्हणून अगदी असह्य होईपर्यंत थांबून मग बोलवू नकोस.

कळांत बाई "नको, नको, मला घरी जायचंय" असं काहीही म्हणते, त्यावरून तिला खरंच काय हवंय ते बाहेरच्याला कळत नाही. म्हणून नवऱ्याबरोबर एक शब्द ठरव, एरवी तोंडात येणार नाही असा. "कसारा" ठेव. तू ओरडलीस, रडलीस, त्याला शिव्या दिल्यास तरी त्याने फक्त कंबर दाबायची. "कसारा" म्हणालीस की त्याने उठून डॉक्टरांना सांगायचं, एपिड्युरल हवंय, आत्ता. "तुला वाटेल ते कर" म्हणणाऱ्या माणसाला एवढं काम द्यायलाच हवं. त्याचं म्हणणं ऐकायला समजूतदार आहे, पण त्यात तो स्वतः कुठेच नाही.

माझ्या लेकीचं सांगून थांबते. पहिल्या वेळी, २०१६ मध्ये, तिने एपिड्युरल घेतलं. मी बाजूला बसले होते. सात सेंटिमीटरला ती चक्क झोपली, तोंड जरा उघडं, लहानपणी झोपायची तशी. मी तिच्याकडे बघत होते आणि मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं, पण खरं सांगते, मला हेवा वाटला. माझ्या स्वतःच्या दोन्ही वेळा आठवल्या, आणि त्या गॉजच्या गाठीचीही आठवण झाली. दुसऱ्या वेळी तिने पुन्हा घ्यायचं ठरवलं होतं. भूलतज्ज्ञ सायनच्या सिग्नलला होते, आणि बाळ पावणेदोन तासांत बाहेर. ओरडून तिचा घसा बसला. आज तिला विचारलं की कुठलं चांगलं झालं, तर म्हणते, "दोन्ही वेळा तू होतीस ना." मला वाटतं हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, कारण एकटीत मैत्रिणीला फोनवर तिने स्पष्ट सांगितलेलं मी ऐकलंय, "सुई घे बाई, सुई."

रात्री दोनची जाग रोजच होत असेल, जेवण जात नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग, "तेव्हाचं तेव्हा" म्हणाले तरी सांग. पाणी जायला लागलं, त्यात हिरवट रंग दिसला, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न बघता निघायचं, मग पाऊस असो की काही.

३६ व्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट आला की प्लेटलेटचा आकडा आणि नर्सिंग होमवाल्यांनी काय उत्तर दिलं, दोन्ही मला कळव.

मावशी